आधी पिळून बघा

किनाऱ्यावरून आलेले स्कूबा प्रशिक्षक, त्यांचे विद्यार्थी आणि विहिरीत उतरून मोटारी काढणारे आमच्या नेवासे तालुक्यातले पट्टीचे पोहणारे,

घोडेश्वरी देवीच्या गावात आपलं मनापासून स्वागत. समुद्रापासून इतक्या लांब हे संमेलन कशाला, असं मला पारावर विचारलं गेलं. आमच्याकडे विहिरी आहेत, शेततळी आहेत, मुळेचा कालवा आहे. एकीकडे २६ टीएमसीचं मुळा धरण, दुसरीकडे जायकवाडीचा फुगवटा. माणसं इथंही बुडतात आणि त्यांना काढायला कुणीतरी उतरतंच.

आमच्या विहिरीत एकदा मोटार पडली. पाणी चार परस. उतरणारा गडी कमरेला दोर आणि डोळ्यांना पोहायचा चष्मा लावून गेला. मोटार निघाली, पण गडी वर आला तो डोळे लालभडक करून. त्या चष्म्यात नाक बाहेर राहतं, त्यामुळे आतली हवा दाबली गेली तरी नाकातून भर घालता येत नाही, हे मला पुढं तारकर्लीत कळलं. स्कूबाच्या मास्कमध्ये नाक आत असतं ते याचसाठी.

तारकर्लीला मीही उतरलो होतो. मास्कमध्ये सारखं पाणी शिरायचं. मला वाटलं, मास्क फुटका. प्रशिक्षक पोरगा आधी घुटमळला, मग म्हणाला, ‘काका, मिशी आड येतेय.’ नाकाखालची कड कातरली, तेव्हा मास्क बसला. त्यानं एक खूणही शिकवली. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवायचा आणि नाकानं हवा ओढायची. हात सोडल्यावर चिकटून राहिला, तर तो आपला. किमतीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

यापलीकडे स्कूबातलं मला फारसं कळत नाही. बाजार मात्र कळतो. घोडेगावचा म्हशींचा बाजार तुम्ही ऐकून असाल. तिथं कास तुंबवून आणलेली म्हैस नवख्याच्या गळ्यात कशी मारतात, ते लहानपणापासून बघतोय. जाणता गिऱ्हाईक कासेवर भुलत नाही, दोन्ही वेळचं दूध पिळून बघतो. मग रेग्युलेटर घेताना आपण रंगावर आणि नावावर का जातो? गुरुजींनी स्वतःचं सामान दाखवून ‘हेच घ्या’ म्हटलं, की विद्यार्थी डोळे मिटून घेतो. शिकवणारा आणि विकणारा एकच असेल, तर रुमालाखाली बोटं कुणाची दाबली जातात, हे त्या पोराला कळायचं कसं? प्रशिक्षकांनी दुकान काढू नये असं मी म्हणत नाही. दलाली घेत असाल तर तसं सांगा, आणि विकण्याआधी तेच सामान विद्यार्थ्याला चार डुबक्या वापरू द्या, एवढंच म्हणणं.

प्रशिक्षकाची गरजही वेगळी. तो रोज उतरतो, त्याला टिकाऊ आणि लवकर दुरुस्त होणारं सामान लागतं. नवख्यानं आधी स्वतःच्या चेहऱ्याचा मास्क घ्यावा, बाकीचं भाड्यानं चालतं. आणि एक. समुद्रात जेवढी शिशाची वजनं लागतात, तेवढी गोड्या पाण्यात लागत नाहीत. किनाऱ्यावरचा हिशेब आमच्या विहिरीत तसाच लावलात, तर माणूस तळाला जाऊन बसेल.

आता आमच्या जुगाडी मंडळींना हात जोडून विनंती. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरला नळी जोडून पाण्यात उतरू नका. त्या हवेत तेलाची वाफ असते, आणि इंजिनाचा धूर आत ओढला गेला तर वर यायची शुद्धही राहत नाही. श्वासाच्या हवेचा कॉम्प्रेसर वेगळा असतो. तो कसा ओळखायचा, हे पाहुण्यांकडून आजच समजून घ्या. पाहुण्यांनीही आमच्या गड्यांना विचारावं, गाळात डोळ्याला काही दिसत नसताना हातानं वस्तू कशी हुडकतात ते. ही विद्या तुमच्या पुस्तकात असेल असं वाटत नाही.

दुपारी शिपी आमटी, बाजरीची भाकरी आणि अर्थातच कांदा. आमटी झणझणीत आहे, किनाऱ्याकडच्यांनी बेतानं घ्यावी. आणि गाडीत सिलिंडर उन्हात तापत असतील, तर ते मंडपामागच्या सावलीत आणून आडवे ठेवा. उभे ठेवू नका, गावातली पोरं आत्तापासूनच त्यांच्याभोवती फिरतायत.