धूसर छायाचित्रातला वटवट्या (अध्यक्षीय भाषण, सेवाग्राम)

सेवाग्रामच्या शिवारात, तुरीच्या ओळी, पऱ्हाटी, धुऱ्यावरच्या बाभळी आणि आश्रमाभोवतीचे कडुनिंब एवढ्या टापूत, सर्वांत जास्त धूसर छायाचित्रे निघतात ती वटवट्याची. पक्षी जेमतेम १३ सेंटिमीटर लांब, त्यातली जवळजवळ निम्मी शेपटीच. तो एका जागी टिकत नाही, काड्यांच्या आडून डोकावतो आणि कॅमेऱ्याचा फोकस त्याच्याऐवजी पुढच्या काडीवर बसतो. पक्षीमित्रांच्या नोंदींत वादात सापडणाऱ्या चित्रांत म्हणूनच ‘हा कोणता वटवट्या?’ हा प्रश्न सतत येतो.

या पक्ष्यांचा दख्खनशी संबंध जुना आहे. राखी वटवट्या आणि साधा वटवट्या या दोघांचीही पहिली शास्त्रीय वर्णने कर्नल साइक्स यांनी १८३२ साली दख्खनमधल्या नमुन्यांवरून प्रसिद्ध केली. रान वटवट्याचे वर्णन जर्डन यांनी १८४० मध्ये केले. त्यांच्या हातात पक्षी होता. शेपटीची पिसे त्यांना मोजता येत होती. बहुतेक गाणाऱ्या पक्ष्यांना बारा असतात, या वटवट्यांना दहा. छायाचित्रावरून ओळख पटवणाऱ्याला ही सोय नाही. त्याच्यासमोर असते ती पक्ष्याची एक बाजू, एका क्षणाची, तीही कॅमेऱ्याने आपल्या हिशेबाने रंगवलेली.

म्हणून रंगावर विसंबणे सर्वांत धोक्याचे. कडुनिंबाखाली टिपलेल्या पक्ष्यावर पानांचा हिरवा उजेड पडतो आणि राखी पाठ शिंपी पक्ष्यासारखी हिरवट दिसू लागते. दुपारच्या उन्हात फिकी भुवई आणि पंखावरची पट्टी पांढऱ्या झगझगाटात विरून जातात. मोबाइलची यंत्रणा चित्र आपोआप रेखीव करते तेव्हा तर डोळ्यातून जाणारी नसलेली रेघही उमटते. त्यामानाने बांधा कमी फसवतो: डोक्याच्या मानाने चोच केवढी, शेपटी किती लांब, पंख मिटल्यावर त्यांची टोके कुठवर येतात. तरी पक्षी कॅमेऱ्याकडे तोंड करून बसला असेल तर चोच आखूडच दिसणार. अशा वेळी एका सुबक चित्रापेक्षा लागोपाठ टिपलेली पाच वाईट चित्रे अधिक सांगतात.

साधा आणि रान वटवट्या ही इथली खरी अडचणीची जोडी. रान वटवट्या आकाराने मोठा, त्याची चोच दणकट. साध्याची भुवई फिकी आणि ठळक, चोच बारीक. पण मोठा-लहान हे शेजारी ओळखीची वस्तू असल्याशिवाय कळत नाही, आणि तुरीच्या शेंगेची लांबी ठाऊक असलेला शेतकरी इथे पुस्तकी निरीक्षकापेक्षा चांगला अंदाज देतो. राखी वटवट्याला भुवई नसते, हे पाठांतरही अर्धेच खरे आहे. विणीबाहेरच्या काळात त्याला छोटी पांढरी भुवई येते आणि शेपटी लांबते. तारीख न लिहिलेल्या चित्रातली भुवई म्हणूनच निरुपयोगी ठरते.

हिवाळ्यात गोंधळ वाढतो, कारण उत्तरेकडून पर्ण वटवटे येतात. हिरवट पर्ण वटवट्याच्या पंखावर एक बारीक फिकी पट्टी असते; पिसे झिजत गेली की मार्चपर्यंत तीही पुसट होते. पट्टी दिसली तर ती पुरावा आहे, दिसली नाही तर काहीच सिद्ध होत नाही. इथे आवाजाची नोंद चित्रापेक्षा भारी पडते. राखी वटवट्या उडताना ठिणग्या फुटल्यासारखा चटचटाट करतो, साध्याचा सूर किड्यासारखा सलग टर्र होत राहतो. मोबाइलवर घेतलेला दहा सेकंदांचा आवाज धूसर चित्राची बरीच भरपाई करतो, पण चित्र मिळाले की आवाज घ्यायचे बहुतेक जण विसरतात.

पक्षी हातात असूनही ओळख चुकते, हे मोठ्या चोचीच्या बोरू वटवट्याने दाखवले. हिमाचलातल्या सतलजच्या खोऱ्यात १८६७ साली मिळालेला एकच नमुना जवळजवळ दीड शतक या जातीचा एकमेव पुरावा होता, आणि ती वेगळी जात आहे की नाही याबद्दलही शंका घेतली जात होती. डीएनए तपासणीने तिचे वेगळेपण सिद्ध केले. पुढे २००६ मध्ये थायलंडमध्ये जिवंत पक्षी सापडला. त्यानंतर इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात उत्तर प्रदेशातून १८६९ मध्ये मिळालेला दुसरा नमुनाही निघाला. तो ब्लिथच्या बोरू वटवट्याच्या नावाखाली ठेवलेला होता.

ती चूक दुरुस्त होऊ शकली, कारण नमुना आणि त्याची चिठ्ठी दोन्ही जपलेली होती. छायाचित्राच्या बाबतीत हे काम मूळ फाइल करते. कातरून, उजळून पाठवलेल्या प्रतीवर फेरतपासणी होत नाही. मूळ फाइलसोबत तारीख, वेळ, ठिकाण आणि अधिवास लिहिलेला हवा: तुरीत, गवतात, की बाभळीच्या शेंड्यावर. ॲपने सुचवलेले नाव वेगळ्या रकान्यात जावे, कारण ते पुष्कळदा त्या भागात नेहमी दिसणाऱ्या जातींकडे झुकते. जात ठरत नसेल तर ‘वटवट्या, जात अनिश्चित’ ही नोंद पूर्ण धरावी. नकाशावर चुकीच्या जातीचा ठिपका पडण्यापेक्षा ती कितीतरी उपयोगाची.