मराठी घरातून स्पॅनिश भाषेकडे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतसाहित्य झाले, नाट्यसंगीत झाले, उत्तरेतील मराठ्यांचा इतिहासही झाला. त्याच पंक्तीत आज स्पॅनिश भाषेचे पान वाढलेले पाहून काहींना नवल वाटले असेल. कार्यकारिणीने हा विषय मला नेमून दिला, त्याला कारण आहे. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या मुलामुलींनी महाविद्यालयात स्पॅनिश घेतली आहे, आणि त्यांचे पालक मला भेटले की विचारतात, "हिचा उपयोग काय?" काहींचा आणखी एक प्रश्न असतो, तो ते जरा हलक्या आवाजात विचारतात. "मुलांना धड मराठी येत नाही, त्यात ही आणखी एक कशाला?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी थोडक्यात देणार आहे. मी आज उभा आहे तो मुख्यतः दुसऱ्यासाठी.

माझा अधिकार मर्यादित आहे, हे आधीच सांगतो. मी भाषाशास्त्रज्ञ नव्हे. बी.ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो, आणि नोकरी सांभाळून दिल्लीतील एका महाविद्यालयात स्पॅनिशचे अर्धवेळ वर्ग केले. प्रथम प्रमाणपत्र, मग पदविका. पुढे काही वर्षे माझ्या मेजावर दक्षिण अमेरिकेतून येणारी पत्रे पडत राहिली. तेव्हा जे बोलणार आहे ते वर्गातले आणि फायलीतले आहे.

आता उपयोग. स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा आहे. सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे. पण असे आकडे ऐकून कोणी भाषा शिकत नाही. जवळची उदाहरणे घेऊ. आपले अनेक आप्त ज्या बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तेथे हवाई दलाची सी-२९५ जातीची मालवाहू विमाने तयार करण्याच्या कारखान्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत आणि स्पेन या दोन्ही देशांच्या पंतप्रधानांच्या हस्ते झाले. २०२१ च्या करारानुसार ५६ विमानांपैकी १६ स्पेनमधून तयार येणार आणि ४० बडोद्यात बनणार, असे ठरले. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या सरकारी कंपनीने अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात लिथियमच्या शोधासाठी पाच क्षेत्रांचा करार केला. तिकडील देशांत आपली औषधे विकायची तर वेष्टनावरचा मजकूर स्पॅनिशमध्ये असावा लागतो. या प्रत्येक कामाच्या मागे कोणीतरी बसून कागद वाचणारा, लिहिणारा, फोनवर बोलणारा मनुष्य लागतो. उपयोगाविषयी इतके पुरे.

महाविद्यालयातील शिक्षणाविषयी मात्र थोडे कडक बोलावे लागेल. कित्येक ठिकाणी तीन वर्षे भाषा शिकलेला विद्यार्थी एखाद्या कवीवर निबंध लिहू शकतो, पण माद्रिदला फोन करून "साहेब केव्हा भेटतील?" एवढे विचारताना त्याची बोबडी वळते. याच्या उलट, हल्ली 'व्यावसायिक स्पॅनिश' या नावाने जे शिकवले जाते, त्यात पत्रांचे ठरावीक मायने तेवढे पाठ करून घेतात. मला दोन्ही अपुरे वाटतात. व्यवसायाची भाषा ही रोजच्या भाषेच्या ओट्यावरच उभी राहते. ज्याला भाजी आणि भाडे यांविषयी बोलता येत नाही, त्याला करारावर बोलता येईल, हे मी मानीत नाही.

कामात भाषा कोठे अडखळवते, ते पाहा. स्पॅनिश मनुष्य दोन आडनावे लावतो. आधी बापाचे, मग आईचे. १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचे पहिले आडनाव गार्सिया. त्यांची फाईल 'म' खाली लावणारा कारकून ती पुन्हा शोधीत बसेल. आकड्यांचे तर विचारूच नका. इंग्रजी 'बिलियन' म्हणजे शंभर कोटी. स्पॅनिश 'बियोन' म्हणजे एक लाख कोटी. दिसायला भाऊ-भाऊ, पण मध्ये हजारपटीचे अंतर! शंभर कोटींना ते 'मिल मियोनेस', म्हणजे हजार दशलक्ष म्हणतात. स्पेन आणि अर्जेंटिनात दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब, मेक्सिकोत आपल्यासारखे. 'एबेन्तुआल' कामगार म्हणजे तात्पुरता कामगार. इंग्रजी 'इव्हेंच्युअल'शी त्याचे नाते लावणारा फसतो. हे सारे कोशात आहे, परंतु कोश उघडावा अशी शंका आधी मनात यावी लागते, आणि ती शंका यायला भाषा अंगवळणी पडलेली असावी लागते.

आता दुसरा प्रश्न. आपल्या मुलांना स्पॅनिश शिकवली जाते ती बहुधा इंग्रजीतून. पुस्तके इंग्रजांसाठी आणि अमेरिकनांसाठी लिहिलेली. अडचणी त्यांच्या, उपाय त्यांचे. मराठी मुलाच्या घरात जी शिडी उभी आहे, तिच्याकडे कोणी बोटही दाखवीत नाही.

उच्चारच घ्या. त आणि द दातांना जीभ लावून, प आणि क हवा न सोडता उच्चारायचे, हे शिकवायला इंग्रज विद्यार्थ्यावर मास्तरांचे आठवडे खर्ची पडतात. आपले मूल ते घेऊनच येते. स्वर पाच: आ, ए, इ, ओ, उ, आणि जसे लिहिले तसे वाचायचे. आपल्या मुळाक्षरांत नुसता बसून राहिलेला 'ञ' आहे ना, त्याला तेथे भरपूर काम मिळते! मात्र त्यांचा घोळवलेला दुहेरी 'र' आणि स्पेनमधला दातांत जीभ धरून काढलेला 'थ' हे आपल्यालाही मेहनतीनेच साधतात.

शब्दांतही ओळखीचे चेहरे भेटतात. पगार, बादली, चावी, साबण, पाव हे आपले शब्द पोर्तुगीजांकडून आले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे, 'बाल्दे' म्हणजे बादली, 'याबे' म्हणजे चावी, 'खाबोन' म्हणजे साबण. काही शब्द तर आपल्याच देशातून गेलेले आहेत. नारंग, शर्करा आणि चतुरंग हे शब्द इराण आणि अरबस्तान करीत स्पेनला पोहोचले, कारण ७११ पासून १४९२ पर्यंत त्या भूमीवर कमी-अधिक प्रदेशात अरबी राजवट होती. तेथे त्यांचे 'नारांखा', 'आसूकार' आणि 'आखेद्रेस' झाले.

पण शब्दांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती वाक्याची घडण. "मला संत्री आवडतात." इंग्रजीत आवडून घेणारा 'मी' कर्ता होतो, मराठीत संत्री कर्ता, आणि 'मी' चतुर्थीत जाऊन बसतो. स्पॅनिशमध्येही तसेच: "मे गुस्तान लास नारांखास." संत्री अनेक, म्हणून क्रियापद अनेकवचनी. अमेरिकन विद्यार्थ्याच्या पुस्तकात या एका रचनेवर पानेच्या पाने असतात. आपल्या मुलाला एक ओळ पुरावी.

'ला' प्रत्ययाची तर मला गंमतच वाटते. आपण म्हणतो, "मी राजूला पाहिले"; पण "मी घर पाहिले," 'घराला पाहिले' नव्हे. माणसाला 'ला', वस्तूला काही नाही. स्पॅनिश मनुष्य नेमका हाच भेद करतो: "बी आ राजू," परंतु "बी ला कासा." तो 'आ' म्हणजे आपला 'ला', फक्त नामाच्या मागे न लागता पुढे उभा राहिलेला. मला हे कोणत्याही पुस्तकाने सांगितले नाही. पदविकेच्या वर्गात उदाहरणे उतरवून घेताना ते एकाएकी दिसले, आणि त्या संध्याकाळी बसमध्ये मी एकटाच हसत होतो.

मग 'तू' आणि 'आपण'. त्यांचा 'तू' अगदी आपलाच 'तू' आहे, उच्चारानेही आणि अर्थानेही. आदरार्थी 'उस्तेद' हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनापासून झिजून बनला, म्हणून त्याच्याबरोबर तृतीय पुरुषाचे क्रियापद येते. "रावसाहेबांनी बसावे" असे समोरच्यालाच म्हणणाऱ्या आपल्या समाजाला याचे नवल वाटू नये. हल्ली पत्रे यंत्राकडून भाषांतरित करून घेतात. यंत्र चांगले काम करते, नाही असे नाही. पण इंग्रजी मसुद्यातील एकाच 'यू'चा 'तू' करायचा की 'उस्तेद', हे मसुद्यात लिहिलेले नसते. एका निर्यातदाराचे असे एक पत्र माझ्या पाहण्यात आले. बोगोतातील एका वयोवृद्ध अधिकाऱ्याला त्यात आरंभापासून अखेरपर्यंत 'अरे-तुरे' केले होते. आणि कोलंबियात तर कित्येक घरांतील माणसेही एकमेकांना 'उस्तेद' म्हणतात.

इंग्रजीतून जाणाऱ्याला सर्वांत अवघड वाटतो तो इच्छार्थ. "कियेरो के बेंगास": तू यावेस अशी माझी इच्छा आहे. 'यावेस' हे रूप ज्याच्या जिभेवर आहे, त्याला 'बेंगास'चे मर्म निराळे सांगावे लागत नाही. "अर्ज सादर करावा," "कार्यवाही व्हावी" अशी वाक्ये लिहिण्यात आमचा जन्म गेला. सरकारी मराठीचा असाही उपयोग होईल असे कोणास वाटले होते? येथे बसलेले हिंदीचे जाणकार म्हणतील की 'मैं चाहता हूँ कि तुम आओ' ही रचना तर याहूनही जवळची आहे. म्हणणे खरे आहे. ज्या मुलाच्या घरी मराठी आणि अंगणात हिंदी आहे, त्याच्याजवळ दोन शिड्या आहेत. तरी तो इंग्रजीच्या भिंतीवर नखांनी चढतो, याचेच मला वाईट वाटते.

शिडी सर्वत्र पोहोचत नाही, हेही सांगितले पाहिजे. "तो येईल तेव्हा" येथे आपण भविष्यकाळ वापरतो, ते पुन्हा इच्छार्थच वापरतात. आपल्या एका 'आहे'साठी त्यांची दोन क्रियापदे आहेत: "एस लिस्तो" म्हणजे तो हुशार आहे, आणि "एस्ता लिस्तो" म्हणजे तो तयार आहे. तेथे पाठांतर आणि सराव यांवाचून गत्यंतर नाही. आपला चंद्रही तिकडे स्त्रीलिंगी होतो.

आपल्याच वसाहतीतील एक मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. तिला दोन भूतकाळांतला फरक उमजेना. 'फुइमोस' म्हणजे एकदा गेलो. 'इबामोस' म्हणजे जात असू, किंवा जात होतो. ती मनात इंग्रजी वाक्य तयार करी. इंग्रजीत रोज गेलो काय आणि एकदा गेलो काय, क्रियापद एकच चालते. म्हणून ती सर्वत्र 'फुइमोस' लिही आणि गुण घालवी. मी म्हटले, "अग, जात असू आणि गेलो." ती माझ्याकडे पाहत राहिली. 'जात असू' हे रूप तिला कळत होते, पण ते तिने स्वतः कधी उच्चारलेच नव्हते. घरात आईवडील मराठीत बोलत आणि ती उत्तर इंग्रजीत देई. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असेच आहे.

मी तिला व्याकरणाचे पुस्तक दिले नाही. तिच्या आजी तेव्हा गावाहून आलेल्या होत्या. त्यांच्याजवळ बसून त्यांच्या तरुणपणाची हकीकत ऐक आणि ऐकशील तशी उतरवून घे, एवढेच सांगितले. तिने वहीत उतरवले ते असे: "आम्ही चौघी जावा पहाटे उठत असू, विहिरीवर जात असू, ओव्या म्हणत असू. एके दिवशी रहाटाचा दोर तुटला आणि हंडा तळाला गेला." उठत असू, जात असू, म्हणत असू हा एक काळ, तुटला, गेला हा दुसरा. स्पॅनिश कथनाचा सारा नियम त्या दोन वाक्यांत आहे. मुलीने ती स्पॅनिशमध्ये लिहिली, आणि त्यांत भूतकाळाची एकही चूक नव्हती. मग ती रोज आजींजवळ वही घेऊन बसू लागली. आजींना वाटे, नात आपल्यासाठी बसते. तेही खोटे नव्हते. त्या गावी परतल्या तोवर वहीची साठ-सत्तर पाने भरली होती, डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर स्पॅनिश. आता ती मुलगी आजींना फोनवर मराठीत उत्तर देते, असे तिच्या वडिलांनी मला परवा सांगितले.

काही व्यावहारिक गोष्टी सांगून थांबतो. दिल्लीत पूर्ण वेळ पदवीसाठी जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहे. इतर विषय घेऊन शिकणाऱ्यांसाठी दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांतून अर्धवेळ अभ्यासक्रम चालत आले आहेत. स्पेन सरकारची सेर्वान्तेस संस्था येथे २००९ पासून आहे. तिची 'देले' ही परीक्षा सहा पायऱ्यांची असते, आणि मिळालेल्या प्रमाणपत्राला मुदत नसते. नोकरीचा विचार असेल तर चौथी पायरी गाठावी. पहिल्या दोन पायऱ्यांवर कोणी काम देईल, या भ्रमात राहू नये. आपल्या बाजारात स्पॅनिश कानावर पडत नाही, म्हणून दोघा-तिघांनी मिळून रोज अर्धा तास बोलायचे ठरवावे; विषय स्वयंपाकाचा, भाड्याचा, आजारपणाचा असावा. मंडळाचे वाचनालय शनिवारी दुपारी रिकामे असते. तेथे बसायला कार्यकारिणीची हरकत नसावी, असे मी अध्यक्षांच्या समक्षच म्हणतो. ज्यांना अभ्यासक्रमांविषयी अधिक विचारायचे असेल, त्यांच्यासाठी मी चहाच्या वेळी येथेच आहे.