साथ ओसरल्यानंतरचे नगर



साथ ओसरली की नगर तिला विसरू लागते. तो मनुष्यस्वभावच आहे. मात्र साथीने दाखवून दिलेली उणीवही आपण विसरलो, तर पुढच्या साथीसाठी दार आपणच उघडे ठेवले असे म्हणावे लागेल.

1896 साली मुंबईत प्लेग आला. दोन वर्षांनी तेथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते निघाले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या गेल्या. पण दाट वस्तीतली घरे पाडली गेली, तेव्हा त्यांतील गरिबांना तितकी नवी घरे मिळाली नाहीत. ते शेजारच्या चाळींत दाटीने राहू लागले. नगर सुधारले खरे, पण कोणासाठी? हाच प्रश्न आम्हांला यवतमाळातही विचारावयाचा आहे.

2020 साली कोरोना आला तेव्हा, वारंवार हात धुवा, एकमेकांपासून दूर राहा, असा उपदेश झाला. तो योग्यच होता. पण दोनच वर्षांपूर्वी, 2018 च्या उन्हाळ्यात, निळोणा व चापडोह ही आपली धरणे आटत आली होती आणि नळाच्या पाण्यासाठी दिवसेंदिवस खोळंबून राहावे लागत होते. साथ त्या उन्हाळ्यात आली असती तर? टँकरपाशी हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला 'अंतर राखा' असे कोणत्या तोंडाने सांगितले असते? बेंबळ्याचे पाणी नगरात आणण्याची योजना हाती घेतली गेली, हे चांगलेच झाले. परंतु पाणी धरणात असणे वेगळे आणि शेवटच्या घरच्या नळाला येणे वेगळे.

दवाखान्यांचेही तसेच. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती, अकोला आणि यवतमाळ येथे रुग्ण पुन्हा वाढले, तेव्हा मोठा भार वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयावर पडला. वणी काय, उमरखेड काय, तेथून ते सुमारे शंभर किलोमीटर दूर! एका खांबावर इतके मोठे छप्पर किती काळ तोलावयाचे?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक वॉर्डात चालता दवाखाना असावा. पाण्याची पाळी ठरलेली व जाहीर असावी. एकटे राहणारे वृद्ध आणि रोजच्या मजुरीवर जगणारी कुटुंबे यांची नोंद शेजाऱ्यांनी व नगरपरिषदेने मिळून ठेवावी. साथीच्या काळात यांतले काहीच उभारता येत नाही; आधी उभारलेले असेल तेवढेच उपयोगी पडते. नगराचे बळ त्याच्या सर्वांत दुबळ्या घराइतकेच असते. ते घर कोणते, हे आज शांततेच्या काळात शोधावे, एवढीच आपणांस विनंती.