पोरांच्या छातीत दम हवा
(मोहोळ तालुक्यात ऊसतोड टोळ्यांच्या तळावर केलेलं भाषण. टोळीत आपल्याच गावांची माणसं होती, म्हणून मजकूर इथे देत आहोत.)

साथींनो, बायांनो,

दिवसभर तोड करून थकलात, लांबण लावत नाही.

दिवाळीच्या आगेमागे गाव सोडलं, मुकादमाची उचल फेडायला इथवर आलो. जंगल मागे राहिलं, पोरं संगं आली. तळावर साखरशाळा भरते, हे चांगलंच. पण काल मी त्या शेडमध्ये पोरांसोबत दोन तास बसलो. वर पत्रा, दार एक, खिडकी नाही. दारालगत खिचडीची चूल, मागे पाचट पेटवलेलं. धूर सगळा आत. एका पोरीनं बाकावरच्या काजळीत बोटानं नाव लिहून दाखवलं. लिहिताना चारदा खोकली.

धुराचा जाड कण नाकाघशात अडकतो, खोकल्यानं पडतो. अडीच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे केसाच्या विसाव्या हिश्शाहून बारीक, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातो. लेकराचा श्वास आपल्यापेक्षा भरभर चालतो, वजनाच्या मानानं ते जास्त हवा ओढतं, अन् त्याचं फुफ्फुस अजून वाढत असतं. म्हणून त्याच धुराचा त्याला जास्त त्रास.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 1988 पासून गावच्याच माणसांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. बालमृत्यू घटले. ओळखणं आपल्यालाही जमेल. पोर शांत असताना पोटाकडं बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या पोराला 40 किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना छातीखाली खळगा पडला, तर सकाळची वाट बघू नका. तसंच सरकारी दवाखान्यात न्या.

उद्यापासून काय करायचं? चूल शाळेपासून लांब, वारा शाळेकडून चुलीकडं जाईल अशी मांडा. समोरासमोर पत्रे कापून खिडक्या काढायला लावा. झाडण्याआधी पाणी शिंपडा. उसाचा जुना कुजका भुसा शेडलगत नको, त्याची धूळही फुफ्फुसाला बाधते. शाळा भरलेली असताना पाचट पेटवायचं नाही.

ही भीक नाही. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यात शाळेला ऊन-पाऊस झेपणारी इमारत आणि आहार शिजवायला स्वयंपाकघर सांगितलंय. साखरशाळेतल्या पोराची छाती काही वेगळी नसते.

आता गावाकडचं. वनहक्काचे दावे भरताना आपण पट्ट्याचं बघतो, शाळेची जागा विसरतो. 2006 च्या कायद्याचं कलम 3(2) वाचा. शाळा, अंगणवाडी, दवाखाना यांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीनं एक हेक्टरहून कमी वनजमीन मिळू शकते. हेक्टरी 75 हून जास्त झाडं मात्र तोडता येत नाहीत. चांगली, मोकळ्या हवेची शाळा गावातच असली तर पोरं आजी-आजोबांजवळ राहून शिकतील, त्यांना इथं धुरात आणावं लागणार नाही. परतल्यावर पहिल्याच ग्रामसभेत हा ठराव घ्या.

जमीन आपण पोरांसाठी मागतो. ती कसायला त्यांच्या छातीत दम हवा.

जिंदाबाद!