तिसऱ्या क्रमांकाचे चिंतामणराव

निकाल लागला की गुलाल कुणाच्या अंगावर पडला ते आपण पाहतो. पडलेल्या उमेदवाराला चार दिवसांत विसरून जातो. अमेरिकेत विल्यम जेनिंग्ज ब्रायन अध्यक्षपदासाठी तीनदा लढले आणि तिन्ही वेळा हरले. पण आयकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक या त्यांच्या मागण्या १९१३ मध्ये तिथल्या राज्यघटनेत आल्याच. राहात्यातून बोलताना मला मात्र आपल्याकडच्या एका पडलेल्या उमेदवाराची आठवण होते. ते म्हणजे चिंतामणराव देशमुख.

साल १९६९, राष्ट्रपतिपदाची निवडणूक. काँग्रेसमध्येच दोन तट. संजीव रेड्डी अधिकृत उमेदवार, तर पंतप्रधान इंदिरा गांधींचा कौल व्ही. व्ही. गिरींना. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने चिंतामणरावांना उभे केले. पहिल्या पसंतीची मते अशी: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, चिंतामणराव १,१२,७६९. निवडून यायला ४,१८,१६९ हवी होती, म्हणजे पहिल्या मोजणीत कुणीच आले नाही. मग चिंतामणरावांच्या मतपत्रिका पुन्हा हाती घेतल्या गेल्या. त्यांच्या नावापुढे एकचा आकडा होता, दोनचा कुणापुढे? बहुतेकांवर तो रेड्डींपुढे निघाला. तरीही गिरी १४,६५० मतांनी सरस ठरले. दुसऱ्या पसंतीपर्यंत निकाल गेला, असे आपल्या राष्ट्रपती निवडणुकीत तेवढे एकदाच घडले. तीन महिन्यांत काँग्रेस फुटली. त्या फुटीची रेघ या मोजणीत आधीच उमटली होती, असे मला वाटते. अशा झुंजीत ना गट ना फौज असलेला विद्वान तिसराच येणार.

आणि माणूस केवढा! रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. कालिदासाचे मेघदूत मराठीत आणणारे. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयावरून जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे.

आपल्या राहात्याजवळच्या लोणीशीही त्यांचा धागा जुळतो. तिथल्या प्रवरा साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ ग्रामीण पतपुरवठा पाहणीच्या समितीत होते. सावकाराच्या वहीतून शेतकरी सुटावा, म्हणून या समितीने सरकारी मोठी बँक सुचवली. १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तेव्हा अर्थमंत्री चिंतामणरावच होते. पाच वर्षांत निदान ४०० नव्या शाखा काढायच्या, हे कायद्यातच लिहिले गेले. तालुक्याच्या गावात पासबुक हाती घेऊन रांगेत उभा राहणारा शेतकरी त्यातूनच आला.

रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. चिंतामणराव पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले.