सुशोभित बाजारात पाटीला जागा कुठे?

(अलिबाग तालुक्यात मासळी, भाजी आणि रानभाज्या विकणाऱ्या बायकांच्या मेळाव्यातलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो, मावश्यांनो, आणि मागे दाराशी उभ्या राहिलेल्या वाडीवरच्या बायांनो, तुम्ही आधी पुढे या. सतरंजीवर जागा आहे. तुम्ही दाराशीच राहिलात तर मी आज जे बोलणार आहे ते आत्ताच खोटं पडेल.

मला विषय दिलाय 'जुन्या बाजारपेठेचं पुनरुज्जीवन'. शब्द मोठा आहे. सरळ अर्थ असा, की मरायला टेकलेल्या बाजारात पुन्हा जीव आणायचा. बाजाराला अडचण आहे हे खोटं नाही. २०२० साली मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, मुंबईची माणसं गाडीसकट उतरायला लागली. पण ती गाडी बाजारात थांबत नाही, सरळ बंगल्यावर नाहीतर रिसॉर्टवर जाते. त्याच वर्षी आधी टाळेबंदी आणि मग ३ जूनला निसर्ग वादळ. पत्रे उडाले, वाड्या झोपल्या, बोटी फुटल्या. त्यातून अनेक छोटे धंदे अजून नीट उठलेले नाहीत. तेव्हा बाजार सुधारायला हवाच. प्रश्न आहे तो कुणाला धरून सुधारायचा हा.

आपल्या किनाऱ्यावरच्या एका गावात अशाच एका आराखड्याच्या बैठकीला मी बसले होते. गावाचं नाव घेत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. भिंतीवर मोठं रंगीत चित्र लावलं होतं. फरसबंदी, जुन्या धाटणीचे दिवे, दुकानांना एकसारखे कौलारू दर्शनी भाग, कुंड्या, बाकं. बाकावर कॉफी पिणारं जोडपं, त्यांच्या पायाशी कुत्रा. मी चित्र दोनदा बघितलं. कुत्रा होता, पण पाटी घेऊन बसलेली बाई एकही नव्हती.

संध्याकाळी मी बाजारात येऊन हे सांगितलं. सुकी मासळी विकणाऱ्या एका आजीने माझ्या हातातला कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "पोरी, तुजे कागदान आमचा नाव नाय, मंग यो बाजार कोनाचा गो?"

समाजकार्याचं शिक्षण घेताना दोन वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

बाजार कुणाचा हे बघायला थोडं मागे जाऊ. अलिबाग वसलं ते कान्होजी आंग्र्यांच्या काळात, कुलाबा किल्ल्याच्या आसऱ्याने. गावाचं नाव अली नावाच्या बेने इस्रायली माणसाच्या बागांवरून पडलं असं सांगतात. हे बेने इस्रायली घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे. म्हणजे आपल्या बाजारपेठा मुळातच तेली, कोळी, आगरी, कोकणी मुसलमान, गुजराती व्यापारी अशा सगळ्यांच्या. पुस्तकात आंग्र्यांची गलबतं सापडतात, पेढ्यांची नावं सापडतात. त्या गलबतांवरच्या माणसांच्या घरी रोजचं कालवण कुणाच्या पाटीतून गेलं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. दुकानावर पाटी लागते ती पुरुषाच्या नावाची. बाईची पाटी डोक्यावर असते, तिच्यावर नाव नसतं.

आणि नुसते दगड राखून बाजार जगत असता तर चौल आज मुंबईच्या वर असतं. केवढं बंदर होतं ते! १४६९ च्या सुमाराला रशियाचा व्यापारी अफनासी निकितिन तिथे उतरला. पुढे पोर्तुगीज आले, त्यांनी रेवदंड्याला तट बांधला, १७४० साली ते ठाणं मराठ्यांकडे आलं. खाडी गाळाने भरत गेली, व्यापार मुंबईला गेला. तट आजही उभा आहे. सहली येतात, फोटो काढतात. पण घेणारा-विकणारा निघून गेला की काय उरतं ते तिथे जाऊन बघा.

आता बाजार चालतो कसा, ते तुम्हाला मी काय सांगणार? पण आराखडा करणाऱ्यांना ते ठाऊक नसतं, म्हणून बोलते. पहाटे बोट लागते, लिलाव होतो, बाई उधारीवर माल उचलते, बर्फ घेते, टमटमला पैसे देते आणि सातला बाजारात बसते. वाटे लावते. दुपारपर्यंत माल संपला की तेच पैसे घेऊन ती त्याच गल्लीतल्या किराणा दुकानात जाते. तेल, चहापूड, मुलाची वही, गोळ्या-औषधं. उन्हाळ्यात कार्ले-खंडाळ्याकडची बाई पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन येते, तीही परत जाताना काहीतरी घेऊनच जाते. मासे घ्यायला आलेलं गिऱ्हाईक कोकम घेतं, नारळ घेतं. दुकानदार भावांना वाटतं की या बायांनी दुकानाचं तोंड अडवलंय. अहो, तुमच्या दुकानाच्या तोंडाशी गिऱ्हाईक आणलंय ते त्यांनीच.

मघाशी सांगितलं त्या गावात काय झालं ते ऐका. रस्ता रुंद करायचा म्हणून बायांना एस.टी. स्टँडच्या मागच्या शेडमध्ये नेलं. शेड चांगली होती, माझाही तिला पाठिंबा होता. पण तिथे कुणाची वाट जात नव्हती. ओटे इतके उंच की साठीच्या बाईला चढायला दुसरीचा हात लागायचा. नळ होता, पाणी नव्हतं. सहा आठवड्यांत शेडमध्ये मोटरसायकली उभ्या राहायला लागल्या आणि बाया पुन्हा रस्त्याच्या कडेला आल्या. फरक एवढाच, की आधी त्या बाजारात बसत होत्या आणि आता त्यांना 'अतिक्रमण' म्हणायला लागले. जागा तीच, बाई तीच. पुढे तिथल्याच एका किराणावाल्याने मला सांगितलं, "ताई, बायका मागे गेल्या तेव्हा माझा दुपारचा गल्ला अर्ध्यावर आला होता."

इमारतीचा हा सोस जुनाच आहे. पुण्याची मंडई १८८६ साली उघडली, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. त्याआधी नगरपालिकेत त्या खर्चाला विरोध केला होता जोतीराव फुल्यांनी. एवढा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. आज त्याच मंडईला त्यांचं नाव आहे!

मला सुधारणा नको असं कुणी समजू नका. गटार हवं, दिवा हवा, पाणी हवं. आणि सगळ्यात आधी संडास-मुतारी हवी. सात-आठ तास बसणारी बाई सकाळपासून पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. लघवीची जळजळ, ताप, मूतखडा हे सगळं आपण 'बाईच्या जातीचं दुखणं' म्हणून सोसतो. त्या रंगीत चित्रात अठरा कुंड्या होत्या. मुतारी कुठे आहे विचारलं, तर साहेब हसले.

आता कायद्याकडे येते. २०१४ साली पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्यामागे मोठी लढाई आहे. अहमदाबादच्या माणेक चौकातल्या भाजीवाल्या बायका 'सेवा' संघटनेमार्फत १९८२ साली थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. या कायद्याप्रमाणे शहरातल्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण दर पाच वर्षांनी तरी व्हायला हवं. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर नासणारा माल त्याच दिवशी सोडायचा असतो. मासळी, भाजी म्हणजे नासणारा माल, हे साहेबांना ऐकवायला विसरू नका. गर्दी होते एवढ्याच कारणाने एखादी जागा बंदीची ठरवता येत नाही. आणि ज्या बाजारात पन्नास वर्षांहून जास्त काळ बाया-बापे बसत आले आहेत, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही, असं कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. वारसा म्हणजे नुसती कौलं नव्हेत. तुमचं बसणं हाच वारसा आहे, हे कायदा म्हणतो.

शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बाया. मात्र हा कायदा नगरपरिषदा, नगरपंचायती, महानगरपालिकांच्या हद्दीतला. रेवदंड्यासारख्या ग्रामपंचायतीच्या गावात तो तसाच्या तसा हातात येत नाही, तिथे ग्रामसभेत उभं राहूनच बोलावं लागेल.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. त्या गावात सर्वेक्षणाला मदत करायला मी गेले होते. आम्ही सकाळी अकराला कागद घेऊन निघायचो. संध्याकाळच्या मासळीवाल्या तेव्हा घरी असायच्या, त्या सुटल्या. वाडीवरच्या कातकरी बाया पावसाच्या तोंडाला शेवळं, नंतर टाकळा, कंटोळी घेऊन येतात. आम्ही गेलो फेब्रुवारीत, त्या सगळ्याच सुटल्या. आणि बसलेल्या बाईला नाव विचारलं की ती म्हणायची, "मालकांचं लिहा." आम्ही लिहिलं! यादी हातात आली तेव्हा मी मोजली. बाजारात बाया जास्त होत्या आणि यादीत पुरुष. ज्याने आयुष्यात कधी मासळीचा वाटा लावला नाही, त्याच्या नावावर जागा. उद्या त्याने ती दुसरी आणून तिला दिली, तर पहिलीने कुठे जायचं? असं घडलेलं मी बघितलंय. त्या बाईपुढे उभं राहताना मला मान वर करता आली नाही.

अजून एक कटू बोलते. राग आला तरी चालेल. आपल्या डोक्यावर ओटा आला की आपणही शेटीण होतो. "ही आमची वडिलोपार्जित जागा, तू तिकडे गटारापाशी बस," हे कातकरणीला साहेब म्हणत नाही, आपण म्हणतो. ती चार वाटे करवंदं घेऊन आली तर तिची पाटी पायाने सरकवणारी मी बघितलीय, आणि तीच बाई मोर्चात माझ्या शेजारी घोषणा देत होती. आराखडेवाल्यांना आपल्यातली ही फट बरोबर दिसते. आधी सगळ्यात दुबळीला उठवतात. आपण गप्प बसतो, कारण जागा मोकळी होते. मग आपली पाळी येते. जागा वेळ वाटून वापरायची सोय कायद्यात आहे. सकाळी एक, दुपारनंतर दुसरी, पावसाळ्यात वाडीवरच्या बायांना ठरलेल्या जागा. हे आपणच आपल्यात ठरवून कागदावर दिलं, तर साहेबाला नाही म्हणणं अवघड जाईल.

भाषण इथे थांबवते, कारण चहानंतर कामाला बसायचं आहे. बाजार-फीच्या जुन्या पावत्या ज्यांनी आणल्यात त्यांनी उजवीकडे बसा. फाटक्या, मासळीचं पाणी लागलेल्या असल्या तरी चालतील, तारीख दिसली म्हणजे झालं. ज्यांच्याकडे पावती नाही, त्यांच्यासाठी शेजारी बसणाऱ्या दोघींनी लिहून द्यायचं, की ही बाई इतक्या वर्षांपासून इथे बसते. वाडीवरच्या बायांचे असे कागद आधी करू, त्यांची साडेचारची एस.टी. आहे. आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव.