सस्पेन्स अकाउंट

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात 'ऐतिहासिक रहस्यकथा लिहिताना' या विषयावर केलेले भाषण, थोडे आवरून)



मला वीस मिनिटं दिली आहेत. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे हिशेब चोख ठेवीन.

रहस्यकथेचं वेड लहानपणचं. बाबूराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळा पहाड मी अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचले. हजारावर पुस्तकं लिहिणारा तो माणूस! नोकरीत असताना वाचनच केलं, लिहायला लागलो निवृत्तीनंतर. म्हटलं, गुन्हा असा निवडावा की ज्याचे साक्षीदार उलटणार नाहीत. म्हणून इतिहासात शिरलो. साक्षीदार उलटत नाहीत हे खरं, पण आरोपीलाही बोलता येत नाही, हे मला उशिरा कळलं. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. ऑक्टोबर 1795 मध्ये सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यात वरून खाली पडले आणि दोन दिवसांनी गेले. वय अवघं एकवीस. तापाच्या भरात तोल गेला, की त्यांनी स्वतःच उडी टाकली? इतिहासकारांचं अजून एकमत नाही. मागे मूलबाळ नव्हतं, त्यामुळे गादीसाठी कारस्थानं सुरू झाली. पुण्यात राहणं धोक्याचं झालं तेव्हा नाना फडणवीस 1796 मध्ये सातारा, वाई करत शेवटी घाट उतरून आपल्या महाडला आले. निजाम, नागपूरकर भोसले, शिंदे अशा सगळ्यांशी इथे बसून त्यांनी सूत्रं हलवली. महाडचं कारस्थान म्हणतात ते हेच. त्या वर्षअखेर दुसरा बाजीराव पेशवा झाला आणि नाना पुन्हा कारभारात आले.

आता बघा, गावात एवढा मोठा मुत्सद्दी मुक्कामाला, रोज जासूद येताहेत, जाताहेत. रहस्यकथा लिहिणाऱ्याला आणखी काय पाहिजे? मी एक जासूद पोलादपूरच्या वरच्या घाटात मारला. कथेत हो! थैलीतलं पत्र गायब. कथा एका दिवाळी अंकात छापून आली. पहिलं पत्र आलं ते चूक दाखवणारं. माझा 1796 सालचा कारकून सकाळी उठून चहा पीत होता! त्या काळी इथे घरोघरी चहा कुठला? ती चूक मी हसून मान्य केली.

दुसरी चूक मात्र जिना चढून घरी आली. आपल्या सोसायटीला लिफ्ट नाही, माझं घर दुसऱ्या मजल्यावर. सत्तरीच्या एक काकू काठी टेकत आल्या. मूळच्या पोलादपूरकडच्या, मुलाबरोबर महाडात राहणाऱ्या. झालं होतं असं, की मला खुनी हवा होता आणि गोष्ट खरी वाटायला आडनावही खरं हवं होतं. त्या भागातल्या एका जुन्या वतनदार घराण्याचं आडनाव मी उचललं, गावासकट. काकू त्या घरातल्या.

त्या म्हणाल्या, "भाऊ, नातवाच्या सोयरिकीला पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, तुमच्या पूर्वजांनी घाटात खून केला होता ना? छापून आलंय म्हणे."

मी म्हटलं, "काकू, ती गोष्ट आहे."

"मग आडनावही गोष्टीतलंच घ्यायचं होतंत."

यावर मला उत्तर नव्हतं. बँकेत इतकी वर्षं मी दुसऱ्यांना जे सांगत आलो, तेच स्वतः विसरलो होतो. एखादी रक्कम कुठल्या खात्याची हे कळत नसेल, तर ती सस्पेन्स अकाउंटला ठेवायची. तेरीज जुळावी म्हणून दुसऱ्या कुणाच्या खात्यावर टाकायची नाही. मी नेमकं तेच केलं होतं. गोष्ट जुळावी म्हणून एका घराण्याच्या नावावर खून टाकला होता.

अशा नोंदी पुसायला किती कठीण असतात बघा. 30 ऑगस्ट 1773 ला नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून खुद्द सत्तेवर असलेल्या राघोबादादांना दोषी ठरवलं. आपल्याकडचा खरा डिटेक्टिव्ह म्हणायचा तर तो! पण लोकांच्या तोंडी काय राहिलं? आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला. या कथेला भक्कम पुरावा नाही, असं अनेक अभ्यासक म्हणतात. तरी त्याचा वाक्प्रचार झाला आणि अडीचशे वर्षं तो एका बाईच्या खात्यावर चालू आहे.

पुस्तक निघालं तेव्हा मी आडनाव बदललं, गावही बदललं, आणि पहिली प्रत काकूंना नेऊन दिली. त्यांनी माळ्यावरून एक रुमाल काढला. आत मोडीतले कागद. मला थोडीफार मोडी वाचता येते. भाताचे हिशेब, सारा, एक-दोन देवघेवीच्या चिठ्ठ्या. खूनबिन काही नाही, साधी पापभीरू माणसं. "सावकाश वाचू," असं आमचं ठरलं.

ते राहूनच गेलं. 22 जुलै 2021. त्या दिवसाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? तळमजल्याची बिऱ्हाडं आपण वर घेतली, एकेका खोलीत दहा-दहा माणसं झोपलो. काकूंचं घर बैठं. माणसं वाचली, रुमालाचा मात्र लगदा झाला. त्या घराची बाजू सांगणारा कागद आता उरला नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे. नाना फडणवीस, घाट, सावित्री, तारखा, हे सगळं खरं. खून आणि खुनी माझे, मनातले. आणि जे इतिहासालाच माहीत नाही, ते माझ्या कथेतही सस्पेन्स अकाउंटलाच राहतं. सवाई माधवराव का पडले, हे मी कधीच सोडवणार नाही.

शेवटी एक विनंती. कुणाच्या घरी जुने कागद असतील तर ते माळ्यावर ठेवू नका, माझ्याकडे आणा. फोटो काढून ठेवू, बसून वाचू. या वेळी 'सावकाश' म्हणणार नाही. दुसरा मजला, जिना चढायची तयारी ठेवा. चहा मिळेल, साल 1796 नाही!